रिसेट दाबल्यावर कुठे जातं?

शनिवारी रात्री साडेअकरा वाजता, कॉटवर मांडी घालून बसलेलो असताना, मी डिपार्टमेंटचं एक इन्स्ट्रुमेंट उडवलं. धूर नाही, वास नाही, आवाज नाही. लॅपटॉपवर प्रोग्रेस बार सरकत होता, मी पाणी प्यायला उठलो, पायात केबल अडकली आणि बार थांबला. एवढंच. पण त्यानंतर त्या यंत्राचा स्क्रीन जो पांढरा झाला तो झालाच. बंद करा, चालू करा, चार्ज करा, देवाचं नाव घ्या, पांढरा म्हणजे पांढरा!

हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून मी वर्षभर नारायण पेठेत, पत्र्या मारुतीजवळच्या एका वाड्यात कॉट बेसिसवर राहतोय. खोलीत तीन कॉट, एक प्लग पॉईंट आणि भिंतीवर मालकीणबाईंच्या हातची ‘दहानंतर दिवा जाळू नये’ ही पाटी. म्हणजे मी जे केलं ते नियम मोडूनच केलं. असो.

आता मुद्द्याचं. उडवलेलं यंत्र म्हणजे नॅनोव्हीएनए. थर्ड इयरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. व्हीएनए म्हणजे व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर. अँटेनाला तो एक सिग्नल देतो आणि त्यातला किती परत आला, कोणत्या फेजने परत आला, ते मोजतो. जास्त परत आला तर अँटेना बिघडलेली किंवा लांबीत चुकलेली. टेबलावरचे मोठे व्हीएनए लाखांत जातात, म्हणून ते काचेच्या कपाटात असतात आणि आपण ते बाहेरूनच बघतो. जपानच्या तोमोहिरो ताकाहाशी यांनी याचं खिशात मावणारं डिझाइन केलं आणि सर्किट-प्रोग्रॅम सगळं खुलं ठेवलं. २०१९ पासून चीनमध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या भरपूर निघाल्या आणि काही हजार रुपयांत व्हीएनए मिळायला लागला. आमच्या लॅबमध्येही एक आला. आमचा प्रोजेक्ट ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लोरा नोडचा. पाव वेव्हलेंग्थ म्हणजे साधारण ८.६६ सेंटिमीटर. तार कापायची, मोजायची, परत कापायची, असं चाललेलं. त्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी लॅबमधल्या काकांनी ते यंत्र मला घरी न्यायला दिलं.

हे वाक्य वाटतं तितकं साधं नाही. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्या यंत्रापुढे काकांची सही आहे. बाहेर न्यायला लेखी परवानगी लागते, ती नव्हती. काका मे अखेरीस रिटायर होणार. त्याआधी रजिस्टरमधली एकेक वस्तू टेबलावर ठेवून, चालू करून दाखवायची, मग त्यांना नो ड्यूज मिळणार. तरी त्यांनी दिलं, कारण ‘तुझं रीडिंग सोमवारी सरांना दाखवायचंय ना, मग ने.’ आणि मी काय केलं? रीडिंग घ्यायचं सोडून ‘नवीन फर्मवेअरमध्ये मेनू छान आहे म्हणे’ म्हणून अपडेट मारायला घेतलं. कोणी सांगितलं होतं?

खोटं कशाला सांगू, रात्री दीड वाजता माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की सोमवारी पाऊचमध्ये घालून गुपचूप ठेवून द्यावं. ‘माझ्याकडे चालत होतं काका.’ कोण बघतंय? पण मग मे महिन्यात ते टेबलावर ठेवून चालू करताना काकांचा चेहरा कसा होईल, तोही दिसायला लागला. सकाळी आठ वाजता फोन केला.

“काका, एक चूक झालीये. व्हीएनए अपडेट करताना केबल निघाली. आता नुसता पांढरा स्क्रीन येतोय.”

काका मंडईत असावेत, मागे भाव चालले होते. थोडं थांबून म्हणाले, “जळलं का? वास आला का?”

“नाही.”

“मग मेलं कशावरून म्हणतोस? सेकंड इयरला एटी-एटीफाइव्हच्या किटवर तुम्ही पोरं नाही नाही ते लिहून ठेवायचात. किट मेलं का कधी? अरे, रिसेट दाबल्यावर ते कुठे जातं, ते बघ आधी. आणि काय काय केलंस ते कागदावर लिही. सोमवारी मला दाखव.”

मित्रांनो, हा संपूर्ण लेख म्हणजे काकांच्या त्या एका वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

किट का मरत नाही?

८०८५ चं किट आठवा. रिसेट दाबलं की प्रोसेसर पत्ता ०००० वर जातो. तिथे ईप्रॉम असतो आणि त्यात मॉनिटर प्रोग्रॅम, म्हणजे डिस्प्लेवर अक्षरं दाखवणारा आणि कीपॅड वाचणारा. आपण जे टाइप करतो ते रॅममध्ये जातं. आपला प्रोग्रॅम कितीही चुकीचा असो, अगदी अनंत लूपमध्ये अडकलेला असो, तो ईप्रॉमला धक्का लावू शकत नाही. ईप्रॉम पुसायचा तर त्याच्या काचेच्या खिडकीतून अल्ट्राव्हायोलेट प्रकाश द्यावा लागतो, म्हणून तर तिच्यावर स्टिकर असतं. म्हणजे चूक होण्याची जागा वेगळी आणि परत येण्याची जागा वेगळी.

मग फ्लॅश मेमरी आली. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ती जगासमोर मांडली. विजेनेच पुसायची, विजेनेच लिहायची, चिप बोर्डावरून काढायची गरज नाही. सोय झाली आणि धोकाही आला, कारण यंत्राचा मुख्य प्रोग्रॅमच आता पुसता येतो. अपडेट करताना नेमकं हेच होतं. आधी जुनं पुसलं जातं, मग नवं लिहिलं जातं. या दोन्हींच्या मध्ये केबल निघाली तर जुनंही नाही आणि नवंही नाही.

लॅबमधल्या नॅनोव्हीएनएमध्ये एसटीएम३२एफ०७२ हा मायक्रोकंट्रोलर आहे. त्यात १२८ किलोबाइट फ्लॅश, २ किलोबाइटचं एक अशी ६४ पानं. पण याच चिपमध्ये आणखी एक छोटी जागा आहे, तिला सिस्टिम मेमरी म्हणतात. तिथे कंपनीने चिप बनवतानाच एक बूटलोडर लिहून ठेवलेला असतो. आपण अपडेट करताना जे पुसतो-लिहितो त्यात ही जागा येतच नाही. या बूटलोडरला एक काम येतं: यूएसबीवरून, म्हणजे डीएफयू पद्धतीने, नवीन प्रोग्रॅम घ्यायचा आणि फ्लॅशमध्ये लिहायचा.

आता गंमत बघा. रिसेट झाल्यावर चिपने कुठे जायचं, ते एका पायावर ठरतं. त्या पायाचं नाव बूट०. तो शून्यावर असेल तर चिप मुख्य फ्लॅशकडे जाते. तो व्हीडीडीला, म्हणजे ३.३ व्होल्टला जोडलेला असेल तर सिस्टिम मेमरीकडे जाते. किटच्या ईप्रॉमचीच ही गोष्ट, फक्त दार वेगळं.

माझ्या खोलीपासून शनिवारवाडा चालत दहा मिनिटांवर आहे. १८२८ च्या आगीत वरचे लाकडी मजले गेले, दगडी जोतं राहिलं. माझ्या व्हीएनएचेही मजलेच गेले होते, जोतं शाबूत होतं. मला ते रात्रभर माहीत नव्हतं, इतकंच.

मी काय केलं, क्रमाने

एक. आधी निदान. नॅनोव्हीएनए नीट चालू असेल तर संगणकाला ते सीरियल पोर्ट म्हणून दिसतं. लिनक्सवर यूएसबी उपकरणांची यादी काढली तर ओळख ०४८३:५७४० अशी येते. तेच डीएफयू अवस्थेत असेल तर ०४८३:डीएफ११. माझं यंत्र लावल्यावर दोन्हींपैकी काहीच दिसेना. म्हणजे प्रोग्रॅम चालत नाहीये आणि बूटलोडरही सुरू नाही.

दोन. मागचे स्क्रू काढून उघडलं. यात लिथियम बॅटरी असते, म्हणून स्विच बंद करूनच उघडायचं आणि लोखंडी चिमटा बॅटरीच्या टोकांपासून लांब ठेवायचा. बोर्डावर बूट० आणि व्हीडीडी अशी नावं छापलेली असतात. एका बारीक तारेने ती दोन टोकं जोडून धरली आणि तसंच धरून स्विच चालू केला. चालू झाल्यावर तार सोडून दिली, कारण चिप तो पाय फक्त सुरुवातीलाच बघते. काही नव्या आवृत्त्यांत जॉग बटण दाबून धरून चालू केलं तरी हेच होतं. तिथे उघडायचीही गरज नाही, आधी तेच करून बघा.

तीन. स्क्रीन पांढराच! इथे बरेच जण हात टेकतात, मीही टेकले. पण विचार करा, स्क्रीनवर अक्षरं काढणारा प्रोग्रॅम तर फ्लॅशमध्ये होता. कंपनीच्या बूटलोडरला या यंत्राला स्क्रीन आहे हेसुद्धा माहीत नाही. तेव्हा स्क्रीनकडे बघूच नका, यूएसबीच्या यादीकडे बघा.

चार. यादीत तरी काही येईना. पाऊण तास तार जोडत-सोडत बसलो. शेवटी रूममेट म्हणाला, “ती केबल माझ्या ट्रिमरची आहे.” ट्रिमरबरोबर आलेल्या केबलमध्ये नुसत्या चार्जिंगच्या दोन तारा होत्या, डेटाच्या दोन नव्हत्याच. रात्री पायात अडकलेली केबल मी रागाने फेकून दिली होती ना, तिचं हे प्रायश्चित्त. केळकर रस्त्याने केसरीवाड्यावरून, अप्पा बळवंत चौक ओलांडून बुधवारात तापकीर गल्लीत गेलो आणि ‘डेटावाली द्या’ असं दोनदा सांगून केबल आणली. लावताक्षणी यादीत ०४८३:डीएफ११. त्या क्षणी झालेला आनंद मला सीईटीच्या निकालालाही झाला नव्हता.

पाच. लगेच लिहायला घेतलं नाही. काका म्हणाले होते कागदावर लिही, आणि लिहिताना लक्षात आलं की आत्ता फ्लॅशमध्ये जे आहे ते मी अजून बघितलेलंच नाही. डीएफयू-युटिल नावाच्या फुकट प्रोग्रॅमने फ्लॅश वाचूनही घेता येतो. सुरुवातीचा पत्ता हेक्समध्ये ०८००००००, लांबी १,३१,०७२ बाइट. ती फाईल हेक्स एडिटरमध्ये उघडली. सुरुवातीला नवा प्रोग्रॅम व्यवस्थित होता. मग एका ठिकाणी तो तुटला आणि पुढे पानंच्या पानं नुसतं एफएफ, एफएफ, एफएफ. फ्लॅश पुसला की असाच वाचला जातो. केबल कुठे निघाली ती जागा बाइटसकट समोर दिसत होती! चिप सुरू होत होती, पहिली पानं चालवत होती, पुढे कोऱ्या जागेत उडी मारत होती आणि फॉल्ट येऊन तिथेच अडकत होती. मेलेलं काहीच नव्हतं. अर्धं पुस्तक वाचून बिचारी चिप थांबत होती.

सहा. मग योग्य फाईल. इथे दुसरा खड्डा आहे. नॅनोव्हीएनए-एच आणि नॅनोव्हीएनए-एच४ ही नावं सारखी वाटतात, पण एच४ मध्ये एसटीएम३२एफ३०३ ही वेगळी चिप आहे, आणि तिचा गाभा कॉर्टेक्स-एम४. आपल्या एफ०७२ चा गाभा कॉर्टेक्स-एम०. एम४ च्या कित्येक आज्ञा एम० ला कळतच नाहीत. दोन्ही चिपांचे बूटलोडर मात्र संगणकाला एकाच नंबराने ओळख देतात. फाईल धड आहे का, एवढंच तपासलं जातं. ती तुमच्याच यंत्राची आहे का, हे बघायचं काम तुमचं. म्हणून फाईलच्या नावावर न जाता चिपवर छापलेला नंबर भिंगाने वाचा. मी वाचला, आणि डाउनलोड फोल्डरमध्ये दोन्ही फायली शेजारी-शेजारी बघून घाम पुसला.

सात. लॅपटॉप टेबलावर, केबल टेबलाच्या आत, रूममेटला ‘हलू नकोस’ ही ताकीद. त्याच पत्त्यावर नवीन फाईल लिहिली. मिनिटभराचं काम. बंद करून चालू केलं आणि स्क्रीनवर ग्रिड, रेषा, आकडे! वाड्यात ओरडायची सोय नाही, म्हणून उशीत तोंड खुपसून ओरडलो.

आठ. काम इथे संपत नाही. नव्या प्रोग्रॅमला जुन्या सेटिंग्ज वेगळ्या अर्थाने वाचल्या जाऊ शकतात. टच भलतीकडेच लागत होता. मेनूतून जुनं कॉन्फिगरेशन पुसलं, टच पुन्हा जुळवला आणि ओपन, शॉर्ट, लोड ही तिन्ही टोकं लावून कॅलिब्रेशन नव्याने केलं. हे केल्याशिवाय येणारं रीडिंग दिसायला सुंदर असतं आणि असतं खोटं. पांढरा स्क्रीन परवडला, तो निदान प्रामाणिक असतो.

तुमच्याकडचं यंत्र वेगळं असेल तर

प्रश्न तोच: रिसेटनंतर कुठे जातं? उत्तर मात्र चिपप्रमाणे बदलतं. हॉस्टेलमध्ये बऱ्याच जणांनी जोडलेला डीएसओ१३८ हा छोटा स्कोप एसटीएम३२एफ१०३ वर चालतो. त्याच्या आतल्या बूटलोडरला यूएसबी येत नाही, सीरियल येतं. म्हणून तिथे ३.३ व्होल्टचा यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर लागतो आणि बोर्डावरचे जंपर जोडावे लागतात. ट्रान्झिस्टर-कपॅसिटर ओळखणारे ते चौकोनी कंपोनंट टेस्टर बहुतेक करून एव्हीआर घराण्यातल्या एटीमेगा३२८ वर असतात. त्यात कारखान्यातला न पुसता येणारा बूटलोडर नाही, पण यूएसबीएएसपीसारख्या प्रोग्रॅमरने थेट लिहिता येतं. एसटीएम३२ मध्येही यूएसबी आणि सीरियल दोन्ही हरले तर एसडब्ल्यूडीच्या दोन तारांवरून एसटी-लिंकने आत शिरता येतं.

आणि कुठे थांबायचं तेही सांगतो. काही कंपन्या चिपला वाचन-संरक्षण लावतात. एसटीएम३२ मध्ये त्याची पहिली पातळी काढली की अख्खा फ्लॅश पुसला जातो. तुमच्याकडे कंपनीची मूळ फाईल नसेल तर त्या यंत्राचं कॅलिब्रेशनही गेलं, ते परत कोण देणार? दुसरी पातळी लावली असेल तर बूटलोडरचं दारही कायमचं बंद. मेन्सचं व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर असेल तर उघडा ठेवून किंवा यूएसबीला लावून मेन्सवर कधीही तपासू नका. यंत्र नवीन आणता येतं.

मोठ्यांचंही असंच होतं

२६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभरातल्या अनेक पीसींच्या मदरबोर्डवरचा बायोस फ्लॅश खराब केला. तिथे रिसेटनंतर जायची जागाच त्या फ्लॅशमध्ये होती. जोतंच गेलं. मग चिप काढून बाहेर प्रोग्रॅम करणं किंवा नवी बसवणं हाच मार्ग उरला. त्यानंतर काही मदरबोर्डांवर दोन-दोन बायोस चिप दिसू लागल्या.

याउलट गोष्ट मंगळावरची. नासाचा स्पिरिट रोव्हर जानेवारी २००४ मध्ये तिथे उतरला आणि २१ जानेवारीला त्याचा नीट संपर्क तुटला. फ्लॅशमधल्या फायलींचा गोंधळ झाला होता, त्यामुळे तो सुरू व्हायचा, अडकायचा आणि परत रिसेट व्हायचा. पृथ्वीवरून त्याला आज्ञा दिली गेली, की फ्लॅशला हात न लावता सुरू हो. तो झाला. मग फ्लॅश साफ केला. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेला तो रोव्हर मार्च २०१० पर्यंत बोलत होता. करोडो किलोमीटरवरून तार जोडायला कोणी जाणार नव्हतं. दार आधीच ठेवलेलं होतं, म्हणून वाचला.

तेव्हा अपडेट करण्याआधी ‘नवीन काय मिळणार’ हे वाचा, पण त्याआधी ‘परत कसं यायचं’ हे वाचा. जुना फ्लॅश वाचून ठेवा. चिपचा नंबर बघा. चांगली केबल घ्या. आणि वस्तू दुसऱ्याच्या सहीवर असेल तर अपडेट करूच नका. हा शेवटचा नियम पहिल्या क्रमांकावर वाचावा.

सोमवारी काकांना यंत्र दिलं आणि कागदही. त्यांनी चष्मा लावून आठही मुद्दे वाचले. चौथ्या मुद्द्याला, ट्रिमरच्या केबलपाशी, हसले. मग यंत्र चालू करून बघितलं, रजिस्टर काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘फर्मवेअर बदलले. चालू.’ खाली तारीख टाकली आणि म्हणाले, “इथे तू पण सही कर.” मी केली. कागद त्यांनी घडी घालून पाऊचमध्येच ठेवला. “माझ्यानंतर जो येईल त्याला लागेल,” म्हणाले.

अँटेना ८.६६ ऐवजी जरा आखूडच कापावी लागली, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. तोवर कोणाचा स्क्रीन पांढरा झाला असेल तर रविवारी सकाळी खोलीवर या. तार माझी, चहा तुमचा. डेटावाली केबल मात्र आपापली आणा. आणि दहाच्या आत निघायचं, पाटी वाचली आहेच तुम्ही.